केशवराव भोसले

केशवराव भोसले (जन्म : कोल्हापूर, ९ ऑगस्ट १८९०, मृत्यू : ४ ऑक्टोबर १९२१) हे मराठी संगीत रंगभूमीवरील श्रेष्ठ गायक-नट आणि ‘ललितकलादर्श’ या नाटक मंडळीचे संस्थापक व चालक होते. ‘संगीतसूर्य’ या उपाधीने ते ओळखले जातात. बालगंधर्वांच्या समवेत १९२१ साली केलेल्या ‘संयुक्त मानापमान’च्या प्रयोगामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. मात्र त्या एका रात्रीच्या तेजापुढे त्यांच्या पावणेचौदा वर्षांच्या मालकपदाची कामगिरी बरीचशी झाकली गेली आहे. हिराबाई पेडणेकर, वीर वामनराव जोशी, भार्गवराम विठ्ठल वरेरकर आणि यशवंत नारायण टिपणीस या चार लेखकांची नवी नाटके त्यांच्या मंडळीने त्या काळात रंगमंचावर आणली. हुंड्यासारखा घराघरांतला प्रश्न संगीत नाटकाच्या मध्यभागी आला तो याच मंडळीमुळे.

बालपण

केशवरावांचा जन्म कोल्हापुरातील एका मराठा कुटुंबात झाला. आईचे नाव जानकीबाई. पितृछत्र लवकर हरपल्याने घरची ओढगस्त होती आणि शाळेचा रीतसर अभ्यास त्यांना घडला नाही. पोरवयातच ते जनुभाऊ निमकर यांच्या ‘स्वदेश हितचिंतक’ नाटक मंडळीत दाखल झाले. आजच्या वाचकाला हे कठोर वाटेल. परंतु त्या काळी गोड गळ्याच्या गरीब मुलाला दोन वेळचे जेवण, अंगावर कपडा आणि गाण्याची तालीम एका ठिकाणी मिळण्याची जागा नाटक कंपनी हीच होती. मालक मुलाचा सांभाळ करी आणि त्याच्या बदल्यात त्याचा आवाज कंपनीचा होई. स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनीच करण्याची रीत असल्याने न फुटलेल्या आवाजाच्या मुलांना मंडळ्यांमध्ये मोठी मागणी असे. एखादा असा मुलगा कंपनी सोडून गेला, तर गाजणारे नाटकही बंद ठेवावे लागे.

केशवरावांच्या बालपणीचे कोल्हापूर गाण्याला अनुकूल होते. १८९४ साली राजर्षी शाहू महाराज गादीवर आले आणि पुढील वर्षीच गानसम्राट अल्लादियाखाँ दरबारी गायक म्हणून कोल्हापुरात स्थायिक झाले. शहरात कुस्ती, तमाशा, भजन आणि ख्याल यांना एकाच वेळी आश्रय होता. तरीही केशवरावांचे खरे शिक्षण झाले ते कंपनीच्या बिऱ्हाडात. दुपारी तालीम, रात्री प्रयोग आणि दोन-चार महिन्यांनी गाव बदलायचा, हीच त्यांची शाळा होती. ऐकून पाठ करणे, पाठ केलेले लोकांसमोर म्हणणे आणि लोकांना काय भावते हे विंगेत उभे राहून पाहणे, एवढ्यावर हा मुलगा घडला.

शारदेची भूमिका

गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले. जरठकुमारी विवाहाच्या चालीवर आघात करणारे हे नाटक मराठीतील पहिले स्वतंत्र सामाजिक संगीत नाटक मानले जाते. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली कोवळी मुलगी वृद्ध भुजंगनाथाला द्यायला निघतो, असे त्याचे कथानक आहे. ‘स्वदेश हितचिंतक’च्या रंगमंचावर केशवरावांनी शारदा उभी केली आणि त्या भूमिकेने त्यांना लहान वयातच ख्याती मिळवून दिली.

या यशाचे एक साधे कारण होते. शारदेचे वय आणि ती करणाऱ्या मुलाचे वय यांत फारसे अंतर नव्हते. प्रौढ नट शारदा करी तेव्हा प्रेक्षक त्याच्या कौशल्याला दाद देत. येथे तर समोर खरोखरीच अजाण पोर उभे असे आणि त्याच्या तोंडून तक्रारीचे सूर निघत. आपल्या भवितव्याचा सौदा परस्पर होत असलेली मुलगी कशी बोलेल, हे कंपनीच्या आश्रयाने वाढणाऱ्या मुलाला निराळे समजावून सांगण्याची फारशी गरज पडली नसावी. घरातल्या दुःखाचे नाटक होऊ शकते आणि तिकीट काढून आलेला प्रेक्षक ते पाहून डोळे पुसत बाहेर पडतो, हा धडाही केशवरावांना शारदेच्या वेषातच मिळाला असणार.

ललितकलादर्शची स्थापना

वयात येताच नट आणि मालक यांचे संबंध ताणले जाणे हे त्या काळच्या बहुतेक मंडळ्यांत घडे. केशवरावांनी जुन्या कंपनीशी फारकत घेतली आणि १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळी स्थापन केली. त्या वेळी त्यांना अठरावे वर्ष चालू होते.

मराठी नाटक मंडळी हुबळीत कशी स्थापन झाली, असा प्रश्न आजच्या विद्यार्थ्याला पडणे स्वाभाविक आहे. बेळगाव, धारवाड, हुबळी हा मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तेथील कानडी रसिक मराठी संगीत नाटकांना हौसेने गर्दी करीत आणि मराठी मंडळ्यांच्या वार्षिक फेरीत ही गावे ठरलेली असत. आगगाडीच्या सोयीमुळे पडदे, कपडेपट आणि माणसे यांची ने-आण करणेही सुकर झाले होते.

मंडळीचे नावही पाहण्यासारखे आहे. ‘किर्लोस्कर’ हे संस्थापकाचे नाव होते, पुढे ‘गंधर्व’ हे नटाच्या पदवीवरून आले. केशवरावांनी मात्र आपले नाव कोठेही घातले नाही. संस्कृतमध्ये ‘आदर्श’ या शब्दाचा एक अर्थ आरसा असा आहे. ललितकलांचा आरसा, असा अर्थ नाव सुचविणाऱ्याच्या मनात असेल तर तो समर्पकच म्हणावा लागेल.

नवी नाटके

आरंभीची काही वर्षे ‘ललितकलादर्श’ने ‘सौभद्र’, ‘मृच्छकटिक’, ‘शारदा’ अशी जमलेली नाटकेच केली. त्यांची पदे लोकांना पाठ होती, ‘वन्स मोअर’ ठरलेले होते आणि उत्पन्नाचा अंदाज बांधता येत होता. नव्या मंडळीने यावरच गुजराण केली असती तरी तिला कोणी बोल लावला नसता.

परंतु या मार्गाला एक मर्यादा होती. ही नाटके ज्या किर्लोस्कर मंडळीने गाजविली, तिच्याजवळ स्वतःचे नाटककार होते. अण्णासाहेब किर्लोस्करांनंतर देवल, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांची नाटके तिच्याकडे गेली. १९१३ साली बालगंधर्व बाहेर पडून ‘गंधर्व’ मंडळी निघाली, तेव्हा खाडिलकरांची नवी नाटके तिच्या वाट्याला आली. सतरा वर्षांच्या पोराने हुबळीत काढलेल्या कंपनीकडे नामांकित नाटककार आपण होऊन येण्याची शक्यता नव्हती. केशवरावांना आपले लेखक शोधावे लागले आणि ते त्यांनी नाटककारांच्या रूढ वर्तुळाच्या बाहेर शोधले.

नवे नाटक बसविणे म्हणजे काय, हे जाणल्याशिवाय या शोधातले धाडस लक्षात येणार नाही. त्या काळची नाटक मंडळी म्हणजे एक फिरते गावच असे. नट, साथीदार, पडदेवाले, आचारी, कपडेपट सांभाळणारे अशा सगळ्यांच्या पोटाची सोय मालकाने करायची; प्रयोग होवो अगर न होवो, चुली दोन वेळा पेटायच्याच. नाटक हाती आले की लेखक ते मंडळीसमोर वाचून दाखवी. मग प्रत्येक नटाच्या भाषणांची स्वतंत्र नक्कल उतरविली जाई, पदांना चाली बांधल्या जात, नवे कपडे व पडदे तयार होत आणि महिनोन्‌महिने तालमी चालत. प्रयोगाला सरकारी परवाना लागे. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली सरकारला नाटक बंद पाडता येत असे. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० साली आलेली बंदी सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. एवढा खर्च व खटाटोप करून पहिल्या चार प्रयोगांत नाटक पडले, तर कर्जाचा बोजा मालकाच्या डोक्यावर राही. जुने ‘सौभद्र’ कोठेही लावले तरी चार पैसे देऊन जाई. अशा हिशेबात नवे नाटक हा जुगारच होता, आणि केशवराव तो पुन्हा पुन्हा खेळले.

१९१२ सालच्या सुमारास ‘ललितकलादर्श’ने हिराबाई पेडणेकर यांचे ‘संगीत दामिनी’ रंगमंचावर आणले. हिराबाई मूळच्या सावंतवाडीकडच्या कलावंत समाजातील. त्या गाणाऱ्या होत्या, मराठी साहित्याचा त्यांचा व्यासंग होता आणि तत्कालीन नामवंत नाटककारांशी त्यांचा परिचय होता. मराठीतील आद्य स्त्री नाटककारांत त्यांची गणना होते. ज्या रंगभूमीवर स्त्रीने पाऊल ठेवणेही समाजाला मान्य नव्हते, तिथे स्त्रीने लिहिलेले, आणि तेही प्रतिष्ठितांनी दूर ठेवलेल्या समाजातील स्त्रीने लिहिलेले नाटक घेणे हा निर्णय सोपा नव्हता. स्त्रीची भूमिका पुरुषाने करावी आणि त्या पुरुषाच्या तोंडचे शब्द एका स्त्रीने लिहावेत, असा हा उलटा योग मराठी रंगभूमीवर तोवर क्वचितच आला होता. हिराबाईंच्या आयुष्यावर वसंत कानेटकरांनी पुढे ‘कस्तुरीमृग’ हे नाटक लिहिले. त्यामुळे त्यांची आठवण पुन्हा जागी झाली. त्यांचे नाटक पहिल्यांदा उभे करणाऱ्या मंडळीचा उल्लेख मात्र त्या मानाने कमी होतो.

यानंतर १९१३-१४ च्या सुमारास अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ आले. वामनराव हे पत्रकार आणि कडवे राष्ट्रवादी. राजकारणापायी त्यांनी पुढे कारावासही भोगला. सत्तेच्या हव्यासाने आंधळ्या झालेल्या माणसांचे हे नाटक काल्पनिक राजघराण्यात घडते. परवान्याच्या त्या काळात काल्पनिक राज्य ही लेखकाची ढाल असे. पडद्यामागचा अर्थ प्रेक्षक आपला आपण लावून घेत. यातील मृणालिनीच्या भूमिकेत केशवरावांच्या गायनाला आणि आवेशपूर्ण भाषणांना सारखाच वाव मिळाला. नाटक चांगलेच गाजले आणि ‘ललितकलादर्श’ ही जुन्या नाटकांवर जगणारी मंडळी नव्हे, हे प्रेक्षकांना पटले.

सर्वांत दूरवर परिणाम करणारी गाठ मात्र वरेरकरांशी पडली. चिपळूणला जन्मलेले भार्गवराम विठ्ठल वरेरकर टपाल खात्यात नोकरीला होते. त्यांचे पहिले नाटक ‘कुंजविहारी’ पौराणिक वळणाचे होते आणि १९०८ साली ते केशवरावांच्या जुन्या कंपनीने, ‘स्वदेश हितचिंतक’ने केले होते. वरेरकरांनी दरम्यानच्या काळात इब्सेन, मोलियर यांची नाटके वाचली होती आणि देवळातल्या देवांपेक्षा ओसरीवरच्या माणसांवर लिहावे, या मतापर्यंत ते आले होते. ‘ललितकलादर्श’साठी त्यांनी लिहिलेले ‘हाच मुलाचा बाप’ हे हुंड्याच्या चालीवरील नाटक १९१६-१७ मध्ये रंगमंचावर आले. त्याच्या थोडे आधी, १९१४ साली, बंगालमध्ये वडिलांना हुंड्यासाठी कर्जबाजारी होताना पाहून स्नेहलता या तरुणीने स्वतःला जाळून घेतले होते आणि देशभर या विषयाची चर्चा चालू होती. वरेरकरांनी गंभीर उपदेशाचा मार्ग टाळला. मुलाच्या बापाचा रुबाब, लग्नाच्या बाजारातली घासाघीस आणि सुशिक्षित तरुणांचे बोटचेपे वागणे यांची त्यांनी टर उडविली. तिकीट काढून हसायला आलेल्या प्रेक्षकांत मुलांचे बाप होते आणि मुलींचेही बाप होते. शारदेच्या वेषात पोरवयात रंगमंचावर उभ्या राहिलेल्या केशवरावांनी, मालक झाल्यावर, लग्नाच्या व्यवहारावरच हे दुसरे नाटक आपल्या खर्चाने उभे केले, हा धागा ध्यानात घेण्याजोगा आहे. शारदेचा बाप पैसे घेतो, येथे मुलीच्या बापाला ते द्यावे लागतात. सौदा तोच, दिशा तेवढी बदललेली.

१९१९ साली आलेले वरेरकरांचे ‘संन्याशाचा संसार’ याहून धगधगीत विषयावर होते. धर्मांतर आणि परधर्मात गेलेल्यांना स्वधर्मात परत घेण्याचा प्रश्न त्यात हाताळला आहे. धर्मपीठावरील पुरुषाला रंगमंचावर आणून त्याच्या अधिकाराची आणि माणुसकीची परीक्षा पाहणे हे कोणत्याही मालकाला घाम फोडणारे होते. नाटकातील काही मते आज जुनी वाटतील, काही एकांगीही वाटतील. तरी आपल्या काळातील वादाचा विषय आपल्याच काळात मांडण्याची धमक त्यात होती. या दोन नाटकांमुळे वरेरकर हे ‘ललितकलादर्श’चे नाटककार म्हणून ओळखले जाऊ लागले. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्या लेखकाला आपले नाटक कोण करणार याची शाश्वती मिळाली, की त्याची लेखणी मोकळी होते. ती शाश्वती वरेरकरांना केशवरावांनी दिली.

गायन आणि अभिनय

केशवरावांचा आवाज उंच, टोकदार आणि दमदार होता. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचविणे ही गायक-नटाची पहिली कसोटी असे. तीत ते सहज उतरत. वेगवान, दाणेदार ताना हे त्यांच्या गाण्याचे वैशिष्ट्य सांगितले जाते. बालगंधर्वांच्या गाण्यात लडिवाळ माधुर्य होते, केशवरावांच्या गाण्यात पेटती ऊर्जा होती, असा भेद जाणकार करीत आले आहेत. दोन्ही पक्षांचे प्रेक्षक हमरीतुमरीवर येत आणि नाटकाइतकीच ही भांडणेही गावोगाव रंगत. त्या आवाजाचे प्रत्यक्ष श्रोते आज कोणी उरलेले नाहीत. या तुलनेचा निकाल लावण्याचा अधिकार आता कोणाकडेच नाही, हे मान्य करणे बरे.

ग्वाल्हेर परंपरेचे गायक रामकृष्णबुवा वझे यांची तालीम केशवरावांना मिळाली. वझेबुवांनी ‘ललितकलादर्श’च्या नाटकांतील पदांना चालीही दिल्या, ‘संन्याशाचा संसार’ हे त्यांपैकी एक. रागदारीच्या अनवट वाटा जाणणारा हा गवई नाटकाच्या कामाला जोडला गेल्यामुळे मंडळीच्या पदांना निराळा बाज आला. नाट्यपद म्हणजे गोळीबंद छोटी चीज, तिचा पसारा प्रसंगाला सोडून जाता कामा नये, हे भान नेहमीच राहिले असे नाही. ‘वन्स मोअर’च्या पावसात नाटक पहाटेपर्यंत लांबे आणि त्याला ‘ललितकलादर्श’चे प्रयोगही अपवाद नव्हते.

वय वाढले तसे केशवराव स्त्रीभूमिकांकडून पुरुषभूमिकांकडे वळले. स्त्रीभूमिकांत नाव कमावलेल्या नटाला हे संक्रमण जड जाते. केशवरावांनी ते साधले, याचे श्रेय बऱ्याच अंशी नव्या नाटकांना द्यावे लागते. जुन्या नाटकांत प्रेक्षक त्यांच्याकडे ठरलेल्या नजरेने पाहत. नव्या नाटकात पूर्वीची भूमिका मध्ये उभी नसे.

रंगमंचाची सजावट

‘ललितकलादर्श’चे प्रयोग देखणेपणासाठीही नावाजले गेले. मराठी रंगभूमीवर मखमली दर्शनी पडदा आणण्याचे श्रेय केशवरावांना दिले जाते. त्यांच्या मंडळीसाठी कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी पडदे रंगविले. सुतार-लोहारांच्या घरातून आलेले हे कलावंत पुढे सिनेमाकडे वळले. आनंदराव १९१६ साली निवर्तले आणि बाबूरावांनी ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ काढून १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट प्रदर्शित केला. कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीचा आरंभ सांगताना नाटकाच्या पडद्यांपासून सुरुवात करावी लागते ती यामुळे.

शाहू महाराज आणि कोल्हापूर

शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग कुस्ती मैदान बांधले आणि त्याला लागूनच ‘पॅलेस थिएटर’ उभे केले. १९१३ साली काम सुरू होऊन १९१५ साली ते पूर्ण झाले. एका बाजूला कुस्तीचा आखाडा आणि पाठीला पाठ लावून नाट्यगृह, ही रचना कोल्हापूरच्या स्वभावाला शोभणारीच होती. संगीत रंगभूमीचे चालक, नाटककार आणि नट यांत ब्राह्मण वर्गाचे प्राबल्य असताना आपल्याच शहरातला एक मराठा मुलगा स्वतःच्या मंडळीचा मालक होऊन महाराष्ट्रभर नाव मिळवतो, याचे शाहू महाराजांना कौतुक होते. त्यांचा आश्रय केशवरावांना लाभला. महाराजांच्या इच्छेवरून केशवरावांनी ‘मृच्छकटिक’चा प्रयोग उघड्या मैदानावर केला. नाट्यगृहाचे तिकीट ज्याला परवडत नव्हते, असा खेड्यापाड्यांतला प्रेक्षक त्या प्रयोगाला आला. छताविना आणि ध्वनिवर्धकाविना अशा समुदायाला संगीत नाटक ऐकविणे केशवरावांच्याच गळ्याला शक्य होते.

यशवंत नारायण टिपणीस यांचे ‘शहा शिवाजी’ १९२१ साली ‘ललितकलादर्श’ने रंगमंचावर आणले. त्यात केशवरावांनी शिवाजी महाराजांची भूमिका केली. पुण्यात शिवस्मारक उभारण्यासाठी शाहू महाराज त्याच काळात झटत होते आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्याची कोनशिला बसली. स्मारकाचा दगड बसण्याआधीच शिवाजी महाराज रंगमंचावरून गाऊ-बोलू लागले होते.

संयुक्त मानापमान

खाडिलकरांचे ‘मानापमान’ १९११ साली किर्लोस्कर मंडळीने प्रथम केले. श्रीमंतीच्या तोऱ्यात भामिनी ही तरुणी गरीब पण पराक्रमी धैर्यधराचा अव्हेर करते आणि अखेर त्याच्याच गुणांवर लुब्ध होते, अशी ही कथा. तिच्या पदांना चाली दिल्या त्या गोविंदराव टेंबे या कोल्हापूरकर कलावंताने. भामिनी ही बालगंधर्वांची गाजलेली भूमिका होती.

लोकमान्य टिळकांचे १ ऑगस्ट १९२० रोजी निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ राष्ट्रीय सभेने टिळक स्वराज्य फंड सुरू केला आणि एक कोटी रुपये जमविण्याचा संकल्प सोडला. या फंडाच्या मदतीसाठी ‘गंधर्व’ आणि ‘ललितकलादर्श’ या एकमेकींच्या कट्टर प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी एकत्र येऊन ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ सादर केले. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव धैर्यधर. दोन्ही मंडळ्यांच्या अभिमानी प्रेक्षकांनी नाट्यगृह गच्च भरले. आपल्या नटाने दुसऱ्याला मागे टाकले की नाही, एवढेच पाहायला आलेलेही त्यांत पुष्कळ असणार.

या प्रयोगात केशवराव अधिक अडचणीच्या जागी उभे होते. नाटक प्रतिस्पर्ध्याच्या घरचे, नायिका तिथे आधीच घर केलेली आणि मुंबईचा प्रेक्षक बालगंधर्वांवर जीव टाकणारा. तरीही धैर्यधराच्या पदांना टाळ्यांचा पाऊस पडला आणि केशवराव बालगंधर्वांच्या तोडीचे गायक-नट आहेत, यावर शिक्कामोर्तब झाले. धंद्यातली स्पर्धा राष्ट्रकार्यासाठी एका रात्रीपुरती बाजूला ठेवल्याचे हे उदाहरण मराठी रंगभूमीच्या इतिहासात वारंवार सांगितले जाते.

मृत्यू

या प्रयोगाला तीन महिनेही पूर्ण झाले नव्हते, तोच केशवरावांना विषमज्वराने गाठले. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना बत्तिसावे वर्ष चालू होते. त्या काळी विषमज्वरावर हमखास औषध नव्हते, आणि सतत जागरण, प्रवास व परगावचे पाणी यांवर जगणाऱ्या नटांच्या वाट्याला असली दुखणी नेहमीच येत. केशवरावांचे आश्रयदाते शाहू महाराज यांचेही पुढील वर्षीच्या मे महिन्यात निधन झाले.

मंडळीची पुढील वाटचाल

मालक-नटाच्या मृत्यूबरोबर कंपनी मोडणे हे त्या काळात नित्याचे होते. ‘ललितकलादर्श’ मोडली नाही. केशवरावांचे सहकारी बापूराव पेंढारकर यांनी धुरा उचलली आणि नवी नाटके करण्याचा प्रघातही चालू ठेवला. वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ १९२२ साली आणि अस्पृश्यतेवरील ‘तुरुंगाच्या दारात’ १९२३ साली मंडळीने केले. ‘सत्तेचे गुलाम’साठी पुरुषोत्तम श्रीधर काळे यांनी केलेले नेपथ्य रंगविलेल्या पडद्यांच्या पुढे गेलेले होते, घर हे घरासारखे दिसू लागले. बोलपट आले, मोठमोठ्या मंडळ्या कर्जात बुडाल्या आणि १९३७ साली बापूरावही गेले.

केशवरावांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांनी, नोव्हेंबर १९२१ मध्ये जन्मलेले बापूरावांचे पुत्र भालचंद्र पेंढारकर यांनी चाळीसच्या दशकात मंडळी पुन्हा उभी केली. बाळ कोल्हटकरांचे ‘दुरितांचे तिमिर जावो’ आणि विद्याधर गोखल्यांचे ‘पंडितराज जगन्नाथ’ ही नवी नाटके त्यांनी याच नावाखाली गाजविली. भालचंद्र पेंढारकर २०१५ साली निवर्तले. हुबळीत एका तरुण नटाने काढलेली मंडळी अशा रीतीने नाटककारांच्या तीन पिढ्यांना पुरली.

केशवराव भोसले नाट्यगृह

कोल्हापूरच्या ‘पॅलेस थिएटर’ला स्वातंत्र्योत्तर काळात केशवरावांचे नाव देण्यात आले. ‘केशवराव भोसले नाट्यगृहा’त संगीत नाटकांपासून राज्य नाट्य स्पर्धेपर्यंत अनेक पिढ्यांचे प्रयोग झाले आणि शहरातील हौशी नटांनी येथेच पहिल्यांदा तोंडाला रंग लावला. ८ ऑगस्ट २०२४ रोजी रात्री लागलेल्या आगीत नाट्यगृहाचा रंगमंच, छत आणि आतील बहुतेक भाग जळाला. दुसऱ्या दिवशी केशवरावांची १३४ वी जयंती होती. कोल्हापूरच्या कलावंतांनी आणि नागरिकांनी ही वास्तू मूळ रूपात उभी करण्याची मागणी लावून धरली आणि त्यानंतर पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले.